एका घरातली दोन मतं

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गुहागर तालुक्यातलं घर, मुलगा पंचविशीतला, मुलगी बावीस वर्षांची. २०२४च्या विधानसभा निवडणुकीपासून दोघं एका वेळी जेवायला बसत नाहीत. मुलगा म्हणतो, "हिने लाडकी बहीण योजनेच्या दीड हजारात मत विकलं." मुलगी म्हणते, "तू तर टीशर्टात विकलंस." तुम्ही विचारलंय की जगभर तरुण मुलगे एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला चालल्यात असं ऐकते, ते आता आपल्या गावातही आलं का? मी आई म्हणून काय करू? शेवटी एक ओळ घाईत लिहिलीत, की मुलगी ग्रामपंचायतीला उभी राहायचं म्हणते, तिला थांबवू का?

मी १९९९पासून निवडणूक सर्वेक्षणांचं क्षेत्रकाम करते. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत वाड्या-वाड्यांत माणसं पाठवायची, त्यांना शिकवायचं, स्वतःही प्रश्नावली घेऊन घरोघर फिरायचं, हे माझं काम. त्यामुळे तुमच्या घरातलं भांडण मला ओळखीचं वाटलं. मुलग्या-मुलींत फरक आहेच, ताई. पण तो पक्षाच्या चिन्हात शोधाल तर फारसा सापडणार नाही. राजकारणाकडून कोणाला काय हवंय, तिथे तो आहे.

बाहेरच्या देशांचं आधी सांगते. मार्च २०२२मध्ये दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. एक्झिट पोलमध्ये विशीतल्या पुरुषांपैकी सुमारे ५९ टक्के परंपरावादी पक्षाच्या युन सुक-योल यांच्याकडे होते आणि त्याच वयाच्या स्त्रियांपैकी ५८ टक्के उदारमतवादी पक्षाच्या ली जे-म्युंग यांच्याकडे. निवडणुकीचा निकाल एक टक्क्याहूनही कमी फरकाने लागला. तिथे सक्तीची लष्करी सेवा फक्त मुलग्यांना आहे, दीड वर्षाच्या आसपास. ते म्हणतात, आमचं वय तिथे जातं आणि परत येतो तर नोकरी नाही. मुली म्हणतात, पगारात आणि रस्त्यावर आम्ही अजून दुय्यम आहोत. युन यांनी तर स्त्री-पुरुष समानतेचं मंत्रालयच बंद करण्याचं आश्वासन दिलं होतं, म्हणजे भांडणाचा विषय थेट मतपत्रिकेवर आला होता. जर्मनीतही २०२५च्या निवडणुकीत सर्वांत तरुण मतदारांत मुली डाव्या पक्षाकडे आणि मुलगे कडव्या उजव्या पक्षाकडे जास्त झुकलेले दिसले. गंमत बघा, याच युरोपात १९५०च्या दशकात बायका पुरुषांपेक्षा जास्त परंपरावादी पक्षांना मत देत. मुली शिकल्या, कमावू लागल्या, चर्चचा धाक कमी झाला, तसं ते पालटलं. बाई म्हणून तिचा कल जन्मजात अमुकच असतो, असं काही नसतं.

पण सोलमधली पंचवीस वर्षांची मुलगी मतदान करून घरी जाते तेव्हा दारात मोठा भाऊ "कुठे दिलंस?" म्हणून उभा नसतो. आपल्याकडे असतो. कोकणात मत बऱ्याचदा घराचं असतं आणि घराचं मत वाडीचं असतं. देवळाच्या सभामंडपात बैठक होते, मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा निरोप येतो आणि रस्ता करून देणाऱ्याला अख्खी वाडी शब्द देते. त्या बैठकीत मुली नसतात. मग निकालाचे आकडे बघून आपण म्हणतो, इथे स्त्री-पुरुष असा काही फरक दिसत नाही.

हे मी कुठे शिकले ते सांगते. दापोली तालुक्यातल्या एका घरी मी प्रश्नावली घेऊन पडवीत बसले होते. विशीतली मुलगी समोर, मागे झोपाळ्यावर तिचा भाऊ. प्रत्येक प्रश्नाला ती म्हणाली, "आमचं काय, दादा सांगेल तसं." मी कागदावर 'सांगता येत नाही' अशी खूण करत गेले. पाणी मागायच्या निमित्ताने मागच्या दारी गेले, तर ती विहिरीवर कळशी भरत होती. मी काही विचारलंही नव्हतं. ती आपणहून बोलायला लागली आणि दहा मिनिटं थांबली नाही. कोणत्या सरपंचाने नळाची लाइन कुठे वळवली, दारूचं दुकान शाळेच्या वाटेवर कोणी आणलं, कोणता उमेदवार बोलताना बायकांकडे बघतसुद्धा नाही. सगळं तिला ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी माझ्याकडच्या सर्वेक्षक मुलामुलींना सांगते की तरुण मुलीची मुलाखत ओटीवर घ्यायची नाही. मागील दार, गोठा, एसटीचा थांबा, कुठेही चालेल. मताचा प्रश्न तर तोंडी विचारायचाच नाही. चिन्हांची खोटी मतपत्रिका द्यायची आणि तिने खूण करून घडी घालून ती आपल्याजवळच्या पेटीत टाकायची. गंभीरपणे केलेल्या सर्वेक्षणांत ही पद्धत जुनी आहे. पेटी आल्यावर 'सांगता येत नाही'वाल्या कितीतरी मुलींना सगळं सांगता येतं.

मुलग्यांचं मोजमाप वेगळ्या कारणाने चुकतं. सकाळी अकराला गावात जो तरुण भेटतो तो बहुधा बिनकामाचा किंवा रात्रपाळीचा असतो. बाकीचे लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत, होडीवर, नाहीतर मुंबईजवळच्या नालासोपाऱ्यात. मग 'गावातला तरुण' म्हणून आपण ज्याचं मत लिहून घेतो तो सगळ्यांत वैतागलेला निघतो. आणि नालासोपाऱ्यातल्याचं नाव मात्र गावच्या यादीत असतं. निवडणुकीला बस येते आणि तो मत देऊन जातो.

आपल्या जिल्ह्याचा स्वभावही लक्षात घ्या. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्यात बायकांचं प्रमाण कमी आणि इथे जास्त, कारण पुरुष मुंबईला. गिरण्यांच्या काळापासून मनीऑर्डर यायची आणि मागे शेत, गुरं, सासू-सासरे, तलाठी, सोसायटी हे सगळं बाईने बघायचं. १९८२च्या संपानंतर कितीतरी पुरुष हात हलवत परत आले, पण घर चालवायची बाईची सवय मोडली नाही. पत्रातून 'शिक्का कुठे मारायचा' हे यायचं आणि बाकीचं सगळं तिनेच ठरवायचं. त्यामुळे कोकणातल्या बाईचं स्वतःचं राजकीय मत ही मोबाइलने आणलेली नवी गोष्ट नाही. नवं एवढंच झालंय की मुलगी आता ते भावाच्या तोंडावर बोलते.

तुमच्या मुलाविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण पत्रात तुम्ही त्याच्यावर जास्त रागावलेल्या दिसता. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात. चषक कोणाचा? नेत्याचा. टीशर्ट, मंडप, स्पीकर सगळं त्याचंच. पोरगं तिथे 'कार्यकर्ता' होतं. बॅनरवर फोटो येतो. मग चिऱ्याच्या खाणीवर किंवा रस्त्याच्या कामावर डंपर लागतो, नाहीतर माणसं पुरवायचं काम मिळतं. बँक कर्ज देत नाही, कंपनी बाहेरची माणसं घेते. अशा वेळी ज्याच्या फोनमध्ये साहेबांचा नंबर आहे आणि साहेब ज्याला नावाने हाक मारतात, तो त्या साहेबांना सोडणार नाही. तिथे त्याला पोट आणि मान दोन्ही मिळतात. २०२२मध्ये शिवसेना फुटली तेव्हा कितीतरी घरांत बाप एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे गेला. त्या वेळी मी विचारत फिरले, तर बहुतेक मुलांचं उत्तर विचारांचं नव्हतं. "आमचा माणूस तिकडे गेला," एवढंच.

त्यात लग्नाचं दुखणं आहे. 'मुलगा गावालाच असतो' म्हटलं की स्थळ तिथेच थांबतं. मुलीच्या आईवडिलांना मुंबई-पुण्यातली खोली आणि पगाराची नोकरी हवी असते आणि मुलींनाही तेच हवं असतं. त्यांचंही चुकत नाही, आईचे कष्ट त्यांनी पाहिलेत. पण तिशीकडे आलेला, दोनचार ठिकाणांहून नकार घेतलेला मुलगा रात्री मोबाइल उघडतो आणि तिथे त्याला कोणीतरी सांगत असतं की तुझ्या दुःखाचं कारण शिकलेल्या मुली आहेत, किंवा अमक्या धर्माचे लोक आहेत. मला कोकणातल्या तरुणांच्या राजकारणात सगळ्यांत काळजीची गोष्ट हीच वाटते. दीड हजार रुपयांवरचा त्याचा राग हा त्या मोठ्या रागाचा एक तुकडा आहे. 'माझी लाडकी बहीण' २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी, दरमहा १,५०० रुपये. त्याच वर्षी मुलांना आशा दाखवली ती युवा कार्य प्रशिक्षणाची. बारावी झालेल्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००, आणि मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची. ती योजना मुलींनाही होती, तरी लोकांनी तिला 'लाडका भाऊ' म्हटलं. बहिणीच्या खात्यात पैसे येत राहिले आणि काही महिने कचेरीत बसलेला मुलगा पुन्हा नाक्यावर आला. 'आम्हाला काय?' असं तो विचारतो तेव्हा त्याला उत्तर मिळालं पाहिजे. फक्त ते बहिणीकडे मागायचं नसतं.

आता मुलगी. बारावीच्या निकालात कोकण मंडळ दरवर्षी राज्यात पहिलं असतं आणि मुली मुलग्यांच्या पुढे असतात. ही मुलगी कॉलेजला एसटीने जाते. मार्च २०२३पासून बायकांना अर्ध तिकीट झालं. ज्या घरात 'भाडं परवडत नाही, पुरे झालं शिक्षण' हे वाक्य तयार असायचं, तिथे ते मागे पडलं. मुलाकडे मोटारसायकल असते, त्याला शेवटची गाडी कितीला सुटते ते माहीत नसतं. मुलीचं अख्खं आयुष्य त्या गाडीवर टांगलेलं असतं. गाडी रद्द झाली की उद्यापासून क्लास बंद. म्हणून "सरकारने काय करावं?" या प्रश्नाला मुलगे मला प्रकल्प, महामार्ग, विमानतळ, धर्म, देश असली उत्तरं देतात आणि मुली सांगतात गाडी, नळ, दवाखान्यात डॉक्टर, बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे. ऐकणाऱ्याला वाटतं मुलगे मोठं बोलतात आणि मुली बारीकसारीक. माझं मत उलट झालंय. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एप्रिलमध्ये टँकर का लागतो, यापेक्षा मोठा राजकीय प्रश्न मला माहीत नाही. तो प्रश्न डोक्यावर हंडा असलेलीच विचारते.

तिने मत विकलं का? मी ज्या बायकांशी बोलले त्यांच्यात पैसे घेऊन सरकारला मत दिलेल्या होत्या आणि पैसे घेऊन विरोधात दिलेल्याही होत्या. "सरकारचे पैसे हायत, कुणाच्या बापाचे नाय," असं एका मावशीने मला सांगितलं. ते दीड हजार कित्येकींच्या आयुष्यातले नवऱ्याच्या किंवा भावाच्या हातून न आलेले पहिले पैसे होते. म्हणून सगळ्या मुली पुढारलेल्या आणि सगळे मुलगे मागासलेले, असंही धरून चालू नका. भावापेक्षा कडवं बोलणाऱ्या मुली मला भेटल्यात आणि आईच्या कळशीसाठी पंचायतीत भांडणारे मुलगेही. पक्षांच्या पातळीवर तर भारतात हा फरक लहानच राहिला आहे. ठळक बदल मतदानाला बाहेर पडण्यात झाला. २०१९च्या लोकसभेला देशात स्त्रियांची टक्केवारी पहिल्यांदा पुरुषांच्या किंचित पुढे गेली.

एका ठिकाणी मात्र भाऊ-बहीण सरळ समोरासमोर येतात आणि त्यावर कोणी बोलत नाही, कारण ते ओटीवर बोलायचं नसतं. जमीन. महाराष्ट्राने १९९४मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, २००५मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि ऑगस्ट २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क तिला जन्मानेच आहे, २००५चा बदल झाला त्या वेळी वडील हयात असोत वा नसोत. आपला सातबारा सामायिक, त्यावर तीस-चाळीस नावं. महामार्ग आला, प्रकल्पांच्या बातम्या आल्या, एजंट फिरायला लागले आणि कातळाच्या जागेलाही भाव आला. तेव्हा पहिल्यांदा बहिणींच्या सह्या लागायला लागल्या. "हक्कसोड करून दे, माहेर तुटायला नको" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की ते आता मला न सांगता कळतं. 'विकास व्हावा का?' असं विचारलं तर भाऊ आणि बहीण दोघंही हो म्हणतात. 'त्यासाठी जमीन द्यावी का?' असा पुढचा प्रश्न विचारला की भाऊ बऱ्याचदा हो म्हणतो, कारण विकून आलेला पैसा त्याच्या हातात येणार असतो. बहीण आणि आई थांबतात. काजू, आंबा, गुरांचं रान, मासळी यांतून येणारा रोजचा पैसा त्यांच्या हातून फिरतो. तो गेला की त्यांच्याकडे काही उरत नाही.

तुमच्याच तालुक्यात एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या वेळी, १९९७ साली, वेलदूरच्या मच्छीमार बायकांनी पोलिसांचा मार खाल्ला. एप्रिल २०२३मध्ये रिफायनरीच्या विरोधात बारसूच्या सड्यावर भर उन्हात बायका गाड्यांसमोर रस्त्यावर आडव्या झाल्या. पुरुषही होते, तरुण मुलगेही होते. पण पुढे बायका का असतात याची बाहेरचे लोक दोनच कारणं देतात, भोळेपणा किंवा कोणीतरी पुढे केलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला मोसमाचा हिशेब दिला, काजूबीचे किती, कोकमाचे किती, शेळीचे किती. त्याच गावांत काही मुलगे हळू आवाजात म्हणायचे, "कारखाना आला तर मी मुंबईला जाणार नाही." हेही मला खोटं वाटलं नाही. तो गावात राहण्यासाठी कारखाना मागत होता आणि त्याची आई गावात राहण्यासाठीच तो नाकारत होती.

आता तुम्ही काय कराल. मत कोणाला दिलं हे दोघांनाही विचारू नका आणि त्यांना एकमेकांना विचारू देऊ नका. ते गुप्त ठेवायचा हक्क त्यांना कायद्याने दिला आहे आणि तो घरातही लागू आहे. टीव्हीवरच्या पुढाऱ्यांवरून वाद सुरू झाला तर विषय गावावर आणा. तुमच्या वाडीची शेवटची गाडी, ग्रामपंचायतीचा पाण्याचा खर्च, मुलाची प्रशिक्षणानंतरची नोकरी. यावर दोघं वेगळं बोलतील, पण ते एकाच गोष्टीवर बोलत असतील. मुलाशी एकटीने बोला, बहिणीसमोर नको. लग्नाचं दुखणं असेल तर ते आधी बाहेर येऊ द्या, राजकारणाचं नंतर. आणि घरात हक्कसोडीचा कागद कुठे तयार होत असेल तर मुलीला तो वाचायला द्या, वकिलाला विचारू द्या, सहीची घाई करू नका. काही घरांत राजकारणाचं म्हणून चाललेलं भांडण मुळात त्या कागदाचं असतं, आणि तुमच्या पत्रात 'जमिनीचंही चाललंय' अशी एक अर्धी ओळ आहे.

ग्रामपंचायतीचं विचारलंत. थांबवू नका. तिचं वय बसतं, एकवीस पूर्ण लागतात. २०११पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी आहेत, म्हणजे कोणीतरी बाई उभी राहणारच. पक्षाचे लोक बहुधा अशी बाई शोधतात जिच्या जागी तिचा नवरा किंवा दीर बोलेल. तुमची मुलगी स्वतः बोलते, तर ती अडचणीची ठरेल आणि तिच्यावर शिंतोडे उडतील. त्याची तयारी ठेवा. भाऊ प्रचाराला आला तर चांगलं, नाही आला तर त्याला ओढू नका.

त्याआधी एक काम या आठवड्यात करा. मतदार यादीत तिचं नाव तुमच्या प्रभागात आहे का ते बीएलओकडे, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, जाऊन बघा. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलींची नावं आपल्याकडे फार गळतात. माहेरच्या यादीतून लग्नाची पत्रिका छापताच कोणीतरी काढून टाकतं, सासरच्या यादीत वर्ष-दोन वर्षं कोणी घालत नाही आणि मधल्या निवडणुकीत ती कुठेच नसते. मुलगा नालासोपाऱ्यात दहा वर्षं राहिला तरी त्याचं नाव गावात शाबूत. नाव नसेल तर नमुना ६ भरायचा, पत्ता बदलायचा असेल तर नमुना ८. वर्षातून चार तारखा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली, पण शेवटपर्यंत थांबू नका. पोचपावती घ्या आणि ती तिच्याकडेच ठेवायला द्या.